मागच्या दाराची कडी

यंदा गौर पूर्वा नक्षत्रात आली आणि पालीपासून आत असलेल्या त्या वाडीत एकच धांदल उडाली. पूर्वेतली गौर म्हणजे नव्या सुनांच्या पहिल्या ओवशाचं वर्ष. सुनेनं नवी कोरी सुपं घ्यायची, त्यात फळं, भाज्यांची पानं, खण, गोडधोड भरायचं, गौरीपुढे ओवाळायचं आणि मग एकेक सूप सासरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात देऊन वाकायचं. हे दर वर्षी जमत नाही. गौर पूर्वेत आली नाही तर सून वर्षावर वर्षं नुसती थांबून राहते. सुनेपेक्षा सासू जास्त थांबते म्हणा, कारण पहिलं सूप तिचं. आणि वाडीतल्या बायका? त्या दिवशी कुणाच्या सुनेनं काय भरलं, कुणाच्या माहेरानं काय धाडलं, सगळं डोळ्यांत साठवून घेतात आणि पुढच्या गौरीपर्यंत पुरवून पुरवून बोलतात.

हौसाच्या घरी सुपं आली होती. सून नव्हती.

सुपं दर्शनाच्या माहेराहून, हेदवीकडून, एसटीत घालून धाडलेली. सोबत तिच्या आईचा निरोप, की पोरगी ओवशाला सासरीच असली पाहिजे, बाकीचं काय ते नंतर बघू. वाडीत हौसानं सांगितलं होतं की दर्शना माहेरी गेलीय, आईला बरं नाही. म्हणजे आई तिकडे ठणठणीत, सुपं धाडतेय आणि इकडे हौसा तिला अंथरुणावर झोपवून मोकळी. खरं तर पोर ना माहेरी होती ना सासरी. ती रत्नागिरीत होती, 'सोबत' नावाच्या बायकांच्या मदत केंद्रानं तिची राहायची सोय केली होती, आणि तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता.

नवऱ्यानं बायकोचा हात मोडला. बोलायला चारच शब्द लागतात. हौसाच्या तोंडून ते श्रावणापासून निघाले नव्हते. अगदीच कुणी खोदून विचारलं तर ती म्हणायची, "जरा झाला हो दोघांत."

हौसा तशी वाडीतली मानाची बाई. नवरा महिपत मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये राबून राबून वारला. मागे हिनं एकटीनं भातशेती केली, दीपकला वाढवला, आयटीआय करून लोट्याला केमिकल कंपनीत चिकटवला, पण कधी कुणाच्या ओटीवर रडगाणं घेऊन गेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिनं आपल्या सासूकडून उचललं आणि जन्मभर पाळलं. घरातली भांडी घरातच वाजली पाहिजेत, शेजाऱ्याला आवाज गेला की घराची लाज गेली. लाजेची तिची व्याख्या एवढीच होती. लोकांना दिसतं ती लाज.

आणि दीपक काही वाडीत वाईट म्हणून ओळखला जात नव्हता बरं का. लोट्याला खोली घेऊन राहायचा, शिफ्टा करायचा, सुट्टीला मोटारसायकल मारत घरी यायचा. आरतीला ढोलकी धरावी तर त्यानंच. म्हातारी माणसं म्हणायची, पोर गुणाचा. आता गुण घरात कळतात की आरतीत, हे म्हाताऱ्या माणसांना कोण सांगणार!

गणपती बसले त्या दिवशी दीपकनं आईसमोर कानाच्या पाळ्या धरल्या. "आये, देवासमोर सांगतो, परत हात नाय लावणार. तू आण तिला. तुझा ऐकेल ती. ओवशाला बायको नसली तर मी तोंड कुठं दाखवू?"

हौसानं त्याच्याकडे बघितलं. तोंड दाखवायची काळजी त्यालाही होती आणि तिलाही. मायलेक कशावर तरी एक झाले होते. ती म्हणाली, "बघते जाऊन."

गौरी यायच्या आदल्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं निघाली. पिशवीत प्रसादाचे मोदक, हिरव्या बांगड्या, आणि वर एक नवं सूप, अर्धं बाहेर डोकावणारं. सूप बघितलं की पोरीचं मन वळेल, असा तिचा हिशेब. गाडीत चाकरमान्यांची ही गर्दी. पालीच्या बाजारात चढलेल्या एका ओळखीच्या बाईनं सूप बघून विचारलंच, "सुनेला आणायला काय गो हौसा?"

"होय तर. हेदवीसून येतेय, रत्नागिरीत उतरेल." इतकं पटकन खोटं तोंडात आलं की तिलाच क्षणभर खरं वाटलं.

केंद्राच्या बाहेर पाटी होती, नुसतीच 'सोबत'. कशाची सोबत ते लिहिलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल हौसानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आत दोन बायका बाकावर बसल्या होत्या. एकीच्या ओठाला टाका होता. हौसानं पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून. त्या बाईला तिचा टाका कुणी बघू नये असं वाटत असेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

केंद्र चालवणारी फातिमाबाई तिला घेऊन आतल्या खोलीत गेली. फातिमाबाई म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली, डोक्यावर ओढणी, आवाज मात्र खाडीच्या त्या तीरावर जाईल असा. तिच्याबद्दल वाडीत बोललं जायचं की ही पोरींना फूस लावते, चालते संसार मोडते. हौसा भांडायच्या तयारीनं आली होती. पण बाईनं आधी चहा मागवला आणि विचारलं, "मावशी, गाडीत बसायला मिळालं का? पाय सुजलेत तुमचे."

भांडायला आलेल्या माणसाला असं विचारू नये. सगळी तयारी फुकट जाते.

"मी सुनेला न्यायला आलेय," हौसा म्हणाली. "उद्या गौर हाय, परवा ओवसा. पहिलाच हाय तिचा."

"ती यायचं म्हणाली तर जाईल. आम्ही कुणाला कोंडून ठेवत नाही. पण भेट माझ्यासमोर होईल, आणि जायच्या आधी मी तिला काही गोष्टी विचारते. सगळ्यांनाच विचारते. तुमच्यासमोरच विचारेन, चालेल?"

"विचारा की."

दर्शना आतून आली. श्रावणात काळीनिळी होऊन गेलेली पोर आता जरा माणसात आली होती. गालावर मांस दिसत होतं. हौसाला बघून तिचा चेहरा असा फुलला की हौसानं मान खाली घातली. एका हातानं पदर सावरत दर्शना वाकली, पाया पडली, आणि उठून तिच्याजवळ, अगदी खेटून बसली.

"आई, किती वाळलात! जेवता ना नीट? भात लोंबीला आला?"

"आला. तू येतेस ना घरी?" हौसानं एकदाचं विचारून टाकलं आणि पुढचं सगळं पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. दीपकची शपथ, माहेरचा निरोप, वाडीची तोंडं.

"येते ना," दर्शना म्हणाली.

अहो, घ्या! पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. देव पावला म्हणायची वेळ, पण हौसा पिशवीतलं सूप उगाच सारखं करत बसली.

फातिमाबाई शांतपणे म्हणाली, "दर्शना, काल तू म्हणत होतीस जाणार नाही. आज हो म्हणतेस. हरकत नाही, संसार तुझा आहे. पण मला सांग, भीती गेली तुझी?"

"त्यांची भीती नाही गेली, मॅडम. पण आई आहेत ना." दर्शनानं धड असलेल्या हातानं हौसाचा हात धरला. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला त्या दिवसाचं? पुढच्या दारात ते उभे होते. मी मागच्या दाराकडे पळाले. पावसाळ्यात ते दार फुगतं, उघडतच नव्हतं. मी ढकलतेय, ढकलतेय, ते मागून आले... शेवटी आईंनीच बाहेरून जोर लावून उघडलं. त्यांनी मला बाहेर काढलं, रस्त्यापर्यंत सोडलं, गाडीत बसवलं. स्वतःच्या मुलाच्या विरोधात कुठली सासू असं करते? माझ्या सख्ख्या आईनं मला परत जा सांगितलं, मॅडम. ह्यांनी दार उघडलं."

हौसाचा हात तिच्या हातात होता. तो काढून घ्यावा तर कसा, आणि राहू द्यावा तर कसा.

फातिमाबाईनं मान डोलावली. "बरं. आता मी जे विचारते ते सगळ्यांना विचारते. समज, पुन्हा तसंच झालं. होऊ नये, पण झालं. पुढच्या दारात तो आहे. तू कुठून निघशील?"

"मागच्या दारातून."

"दार फुगलेलं असेल तर?"

"आई उघडतील."

"आणि मग कोणाकडे जाशील?"

"आई नेतील तिकडे."

फातिमाबाई हौसाकडे वळली. "म्हणजे मावशी, हिचा सगळा जीव तुमच्या त्या दारावर आहे. घरी गेल्यावर आधी सुताराला बोलवा आणि दाराला रंधा मारून घ्या. एवढं कराल ना?"

"करीन," हौसा म्हणाली.

"मी बॅग भरून येते," म्हणून दर्शना उठली. जाता जाता पिशवीतलं सूप बघून थांबली, त्यावरून बोट फिरवलं. "माझ्या आईनं धाडलं? छान आहे हो. आई, पहिलं सूप तुम्हालाच. मी ठरवलंय काय काय भरायचं ते."

ती आत गेली आणि हौसा तशीच बसून राहिली. जे न्यायला आली होती ते मिळालं होतं. परवा हिरवी साडी नेसलेली सून वाडीसमोर सूप घेऊन वाकणार होती आणि सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. चहा निवून त्यावर साय धरली होती. हौसाला वाटत होतं की फातिमाबाई आता काहीतरी विचारेल, निदान रागावेल तरी. पण तिनं कशाला रागवावं? तिला काय ठाऊक!

दार फुगलं नव्हतं.

सागाचं दार ते, महिपतनं हौसेनं करून घेतलेलं. एवढे पावसाळे गेले, कधी फुगलं नाही. त्याला बाहेरून कडी होती आणि ती हौसानं घातली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी दीपकनं मारलं तेव्हा दर्शना मागच्या दारानं थेट शेजारच्या विमलाच्या अंगणात पळाली होती, अंगावर पदर नाही, केस सुटलेले, आणि अर्धी वाडी दारात येऊन बघत होती. हौसाला तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मुलानं मारलं म्हणून नव्हे हो, लोकांनी बघितलं म्हणून. तेव्हापासून ती कडी घालायची आणि बाहेर न्हाणीपाशी पाण्याच्या चुलीत लाकडं सारत बसायची. तेवढं झालं की कडी काढायची आणि आत जाऊन हळद लावायची. हळद लावताना दर्शना तिला बिलगायची. पोरीला वाटायचं, सासू बाहेर चुलीपाशी होती, तिला कळलंच नाही, कळल्याबरोबर धावत आली.

आणि हौसानं तिला तसं वाटू दिलं होतं. बिलगलेली पोर कुणाला नको असते?

दर्शना बॅग घेऊन बाहेर आली. बॅग खांद्याला, केस नीट विंचरलेले, कपाळावर टिकली.

"चला आई. दुपारची गाडी मिळेल."

"बस जरा," हौसा म्हणाली.

"काय झालं?"

"बस गो बाय."

दर्शना बसली आणि तिनं पुन्हा हौसाचा हात धरला. हौसानं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तसं ती म्हणाली, "दार फुगला नव्हता."

"म्हणजे?"

"कडी होती त्याला. भायरसून. मी घातलेली."

दर्शना आधी हसल्यासारखं काहीतरी करायला गेली, मग ते हसू तोंडावरच राहिलं.

"ते मारायला लागल्यावर घातलीत?" तिनं विचारलं. आवाज अजून आशेचा होता. म्हणजे घाबरून घातली असेल, गडबडीत, नकळत. पोर सासूसाठी सबब शोधत होती आणि हौसाला ती सबब हातात दिल्यासारखी दिसत होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"आदी," हौसा म्हणाली.

"आधी कशी? आधी तुम्हाला काय ठाऊक?"

"त्याच्या गाडीवरना कळायचा. गाडी अंगणात आणून स्टँडवर लावली की बरा असायचा तो. भायर दगडी गडग्याला टेकवून तशीच सोडली की समजायचा, आज काय खरा नाय. मंग मी मागल्या दारी जायची."

"आणि कडी घालायचात."

"होय."

"दर वेळी?"

हौसानं होकारार्थी मान हलवली.

दर्शना उठून उभी राहिली. तिचा हात कधी सुटला ते हौसाला कळलं नाही. "मी हाका मारायचे तुम्हाला," ती म्हणाली. "आई, आई म्हणून. मला वाटायचं चुलीच्या धुरात बसल्यात, ऐकू जात नाही."

"ऐकू येत होता."

हे सांगायची काही गरज होती का? नव्हती. पण एकदा मूठ उघडल्यावर आतलं निम्मं ठेवून निम्मं दाखवता येत नाही.

मग फातिमाबाई बोलली, पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात. "त्या दिवशी का उघडलंत, मावशी?"

"हाका थांबल्या म्हणून." हौसा म्हणाली. "गप झाली ती. मना वाटला, मेली. मेली तर पोलीस येतील, सगळी वाडी येईल... म्हणून उघडला. ती उभी होती, हात धरून. मंग मना ती जिती दिसली आणि मग रडायला आला. पण आदी वाडीच आठवली. खोटा कशाला बोलू."

तिला वाटलं, आता पोर ओरडेल, शिव्या घालेल, थुंकेल तोंडावर. तसं झालं असतं तर सोसलं असतं. दर्शनानं खाली ठेवलेली बॅग उचलली आणि जशी आली तशी आत निघून गेली. दारापाशी तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

हौसाला लाज वाटत होती. कान गरम झाले होते, नाकातून पाणी येत होतं, आणि तिला नवल वाटत होतं की खोलीत वाडीतलं एकही माणूस नाही, दार बंद आहे, बाहेर कुणाला काही ऐकू गेलेलं नाही, तरी एवढी लाज वाटतेय. अशी लाज असते हे तिला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. बसावं तर तिला बसवेना, उठावं तर उठवेना.

फातिमाबाईनं पाण्याचा पेला पुढे केला. धीर दिला नाही, पाठीवर हात फिरवला नाही. म्हणाली, "ती आता केस करेल असं मला वाटतं. हे जे बोललात ते संरक्षण अधिकारी बाईंसमोर बोलाल?"

"माझ्या पोराच्या विरुद्ध?"

"झालं तेवढंच सांगायचं. त्यात तुमचं पण येईल."

"बोलेन," हौसा म्हणाली. बोलली खरी, पण त्यामुळे तिला हलकं वाटलं असं कुणी समजू नये. मोदकांची पिशवी घेऊन ती उठली.

"मावशी, सूप राहिलं."

"तिचा हाय. तिला द्या."

"विचारते." फातिमाबाई आत गेली आणि लगेच परत आली. "नको म्हणाली."

ते रिकामं सूप घेऊन हौसा परतीच्या गाडीत उभी राहिली. गर्दीत ते मोडू नये म्हणून लोक बाजूला होत होते आणि विचारत होते, आजी, सून कुठं राहिली? ती सूप अंगाशी ओढून घ्यायची.

घरी दीपक ओटीवर वाट बघत होता. आईच्या मागे कुणी नाही हे बघून उठला. "काय म्हणाली?"

"येत होती. मीच नको म्हटला."

"खुळी झालीस काय तू?"

"तुज्याविरुद्ध सांगणार हाय मी. अधिकाऱ्यासमोर. माज्याविरुद्ध पण."

दीपकनं हातातला पेला भिंतीवर मारला. आणखी काहीतरी झालं असतं, पण तेवढ्यात आरतीला माणसं यायला लागली. पोरंटोरं, चाकरमानी, टाळ घेतलेले म्हातारे. दीपकनं ढोलकी ओढली आणि वाजवायला बसला. झकास वाजवली. एक म्हातारा हौसाला म्हणाला, हातात जादू हाय पोराच्या. हौसा ताम्हनातल्या निरांजनाकडे बघत उभी राहिली.

ओवशाच्या दिवशी विमलाची नवी सून संस्कृती हिरवी साडी नेसून, नाकात नथ घालून, सूप घेऊन हौसाच्या माजघरात आली. भावकीतली वडील बाई म्हणून हौसाचा मान. मागे विमला, आणि विमलाच्या मागे वाडीतल्या झाडून सगळ्या बायका. ओटीवर दीपक आणि चार पुरुष पत्ते कुटत बसले होते. कोपऱ्यात हेदवीची सुपं एकात एक घालून उभी करून ठेवलेली, रिकामी. बायकांनी ती बघितली. ती बघायलाच तर आल्या होत्या.

"दर्शना नाय आली काय?" एकीनं गोड आवाजात विचारलं. "आईला बरा नाय काय अजून?"

हौसाच्या तोंडात उत्तर तयार होतं. होय गो, ताप उतरत नाय. एवढं बोललं की झालं. समोर संस्कृती सूप धरून उभी होती, हात भरून चुडा, वाकायच्या तयारीत.

"तिची आई बरी हाय," हौसा म्हणाली. "दर्शना रत्नागिरीत हाय. दीपकनं तिचा हात मोडलान."

ओटीवरचे पत्ते थांबले.

"आणि दार मी लावून घ्यायची," ती पुढे म्हणाली. थांबली असती तर परत बोलता आलं नसतं. "तिनं पळू नये म्हणून मागल्या दाराला कडी घालायची. तुमाला कुणाला कळू नये म्हणून. हा सूप मना देऊ नको गो संस्कृती. माजे हात त्या लायकीचे नायत."

आता सगळ्या तोंडाला पदर लावतील, अगोबाई म्हणतील, असं तिला वाटलं. ती त्या अगोबाईची वाट बघत उभी राहिली. कुणीच म्हटलं नाही. बायका खाली बघत होत्या. कुणी चुड्याशी खेळत होती, कुणी गौरीच्या मुखवट्याकडे बघत होती. ओटीवरून दीपक उठून आत येईल म्हणून हौसानं कान दिला, पण तोही उठला नाही, आणि त्याच्याबरोबरच्यांपैकीही कुणी काही बोललं नाही. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

हौसाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं शेजारणीकडे बघितलं. "विमल, तुमाला ठावक होता?"

विमला सुनेच्या आड सरकत होती. "वयनी, भिंतीला भिंत हाय आपली," ती पुटपुटली. "पोरीच्या हाका ऐकू यायच्या नायत? तुमची कडी वाजली की आमी पण आमचा दार लावून घ्यायचो."

संस्कृतीच्या हातातलं सूप तसंच पुढे धरलेलं होतं. हौसानं ते घेतलं नाही आणि तिनं ते मागेही घेतलं नाही. ती आधी हौसाकडे बघत राहिली, आणि मग मान वळवून आपल्या सासूकडे.